गोधडीचे थर : डिसेंबरातलं नागपूर

शुक्रवार

जुन्या गोधड्या बघायच्या असतील तर नागपूरला डिसेंबरातच जावं. उन्हाळ्यात त्या ट्रंकेत नाहीतर माळ्यावर असतात आणि कुणाला काढून दाखवा म्हणायला जिवावर येतं, पण थंडी पडली की महालातल्या, इतवारीतल्या गल्ल्यांत गच्चीच्या कठड्यावर, खाटेवर, स्कूटरच्या सीटवरसुद्धा गोधड्या उन्हाला टाकलेल्या दिसतात, नुसतं मान वर करून फिरलं तरी अर्धं काम होतं. म्हणून मुद्दाम याच दिवसांतलं रिझर्वेशन काढलं. नाशिकरोडहून रात्री विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी नागपूर, तिथून ऑटोनं महालात आत्याकडे.

आत्यानं चहा ठेवायच्या आधीच विचारलं, "या खेपेला काय गोळा करायला आलीस गं?" मी म्हटलं जुन्या गोधड्या. तर म्हणे, "त्या काय गोळा करायच्या, भांडेवालीला द्यायच्या असतात." हे मी सगळीकडे ऐकत आलेय. पैठणी जपतात, शालू जपतात, जरीचं लुगडं पार विरलं तरी निदान जर जाळून चांदी काढायची म्हणून ठेवतात, पण गोधडीचं तसं नाही, ती अंगावर पडत राहते, धुतली जाते, विरते, मग खाली अंथरायला, मग पायपुसणं, मग गाडी पुसायला. शंभर वर्षांची गोधडी सापडणं अवघड आहे ते याच्यामुळे, कमी शिवल्या गेल्या म्हणून नाही. सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू सगळ्यात कमी उरते.

एक सांगून टाकते म्हणजे पुढचं कळेल. रजई किंवा दुलईत पिंजलेला कापूस असतो. गोधडी किंवा वाकळ म्हणजे नुसते कापडाचे थर, जुनी लुगडी, धोतरं, एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवलेली. नऊवारी लुगडं म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, त्याची चौघडी केली की बरोबर माणसाच्या लांबीचे चार थर तयार, रुंदीला कमी पडतं म्हणून दोन लुगडी शेजारी जोडायची. सहावारी आल्यावर हे गणित बदललं आणि मग जोडाजोड, चौकोन, पट्ट्या जास्त दिसायला लागल्या.

तर्री पोहे खाऊन दुपारी आत्याच्या ओळखीनं गोळीबार चौकाच्या बाजूला एका आजींकडे गेलो. हा भाग कोष्टी, हलबा कोष्टी विणकरांचा, पूर्वी घराघरात हातमाग होते, नागपुरी लुगडं म्हणजे रेशीमकाठी आणि सुताला बारीक. आता माग फार थोडे राहिलेत. आजींचं वय ऐंशीच्या पुढे, पण नजर पक्की. मी काय बघायला आलेय ते आत्यानं सांगितल्यावर म्हणाल्या, "अवं माय, एवढ्या दुरून वाकय पाहाले आली!" आणि नातवाच्या अंगाखालची ओढून आणायला सुनेला आत पाठवलं.

वरून बघितली तर काही विशेष वाटू नये अशी. फुलाफुलांची नायलॉनची साडी वर, सत्तरच्या दशकात असायच्या तशी भडक गुलाबी, खाली अस्तराला चौकटीची लुंगी. पण एका कोपऱ्याला टाके सुटून कापड फाटलं होतं आणि आतले थर पुस्तकाच्या पानांसारखे दिसत होते. मी आजींना विचारून खालीच बसले आणि मोबाइलच्या टॉर्चनं एकेक थर बघायला लागले. नायलॉनच्या खाली मिलचं छापील कॉटन, त्याच्याखाली पांढरं मांजरपाट, त्याच्याखाली जाडसर धोतर आणि सगळ्यात आत काळं लुगडं, लाल काठाचं. म्हणजे चंद्रकळा! काळा भाग जवळजवळ संपलेला, हात लावला तर भुगा होत होता, आणि लाल काठ मात्र जसाच्या तसा, अगदी कुंकवासारखा लाल.

हे असं का होतं ते माहीत असेल तर थर वाचता येतात. काळा रंग पूर्वी लोखंड आणि हिरड्यासारख्या तुरट वस्तूंपासून करायचे, त्यातलं लोखंड वर्षानुवर्षं सूत खात राहतं. नंतर कारखान्यातला गंधकाचा काळा रंग आला, त्यातही हळूहळू आम्ल तयार होतं आणि सूत कमजोर होतं. दोन्हीकडे काळाच आधी जातो. लालाचं उलट. आल नावाच्या झाडाच्या मुळीचा किंवा मंजिष्ठाचा लाल तुरटीबरोबर सुताला असा धरतो की कापड विरेल पण रंग जाणार नाही. आमच्याकडे मध्य प्रांतात, वऱ्हाडात आलाची शेती व्हायची, १८६९च्या सुमारास जर्मनीत मंजिष्ठाच्या जातीतल्या मुळीतला लाल रंग कृत्रिमपणे करायला लागले, अलिझरिन, आणि बघता बघता आलाची शेती बसली. कृत्रिम अलिझरिनचा लालही तितकाच पक्का, म्हणून नुसत्या डोळ्यांनी मुळीचा लाल की कारखान्याचा हे सांगता येत नाही, जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आजींनी सांगितलं की ही त्यांच्या सासूबाईंनी शिवायला घेतली होती, चंद्रकळा सासूबाईंची स्वतःची, कुठल्यातरी संक्रांतीची. नंतर विरली की वरून एकेक थर चढत गेला. नायलॉनची साडी आजींची. "मीनं नेसली नाही जास्त, उन्हाळ्यात चिकटे अंगाले, मंग वाकळीले घातली." म्हणजे एकाच गोधडीत सासू, सून आणि मधली मिलची वर्षं अशी सगळी आहेत. पण बाजारात हीच गोधडी आली तर नायलॉन बघून कुणी पन्नास रुपयांच्या वर देणार नाही.

शिवायची रीत विचारली. जमिनीवर थर पसरून चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या असलं जड काहीतरी ठेवायचं, मधे सुरकुती राहता कामा नये, मग कडेनं सुरुवात करून गोल गोल आत यायचं, शेवट मधोमध. "टाका लायना पायजे, भाताएवढा, मोठा टाका घातला का पायाच्या बोटात अडकते." कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडचे सिद्दी लोक कवंदी, म्हणजे तिकडची गोधडी, शिवतात, तीही कडेकडूनच आत येते आणि कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुलं लावतात, फुलं नसतील तर कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. बंगालच्या कांथ्यात मात्र बरेचदा मधल्या कमळापासून सुरू करून बाहेर जातात. आजींच्या गोधडीला फुलं नव्हती पण मधोमध दोऱ्याची एक छोटी चौकट होती, तिथे दोरा संपवताना तुळशीवृंदावन काढायची पद्धत त्यांच्या सासरी होती.

निघताना जनाबाईची गोष्ट सांगितली त्यांनी, विठोबा जनीबरोबर दळायला बसला आणि पहाटे काकड्याची घाई झाली म्हणून स्वतःचा शेला विसरून जनीची वाकळ अंगावर घेऊन देवळात गेला ती. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण मांडीवर वाकळ असताना ऐकली तर डोळे भरून येतात.

शनिवार

सकाळच्या ट्रेननं वर्धा. तास-सव्वातासाचा प्रवास, गर्दी होती पण बसायला मिळालं. मला मगन संग्रहालय बघायचं होतं. मगनलाल गांधींच्या नावाचं, ते १९२८ला गेले, आणि महात्मा गांधींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ला हे सुरू झालं. चरखे, खादी, ग्रामोद्योग, शिवाय आजही तिथे नैसर्गिक रंगांचं खादीचं काम चालतं.

माझ्यासारखीला तिथे जाण्याचा फायदा असा की रंग ताजे असताना कसे दिसतात हे डोळ्यांत बसतं. आपण जुन्या गोधडीत बघतो ते पन्नास वेळा धुतलेले, उन्हात उतरलेले रंग असतात. डाळिंबाच्या सालीचा पिवळा, काताचा तपकिरी, नीळ, गूळ आणि लोखंड आंबवून केलेला काळा हे नवं असताना जवळून बघितलं की मग मळक्या पिवळ्याकडे बघून अंदाज बांधता येतो. निळीचं तर वेगळंच, ती सुताच्या आत फारशी शिरत नाही, वर बसते, म्हणून घासलं जाणाऱ्या जागी, घडीवर आणि उंचवट्यावर आधी फिकी होते. गोधडीत उंचवटे पांढुरके आणि खोलगट जागा गडद निळ्या असं दिसलं तर निळीचा संशय घ्यायला हरकत नाही.

दुपारी सेवाग्रामला जाऊन आले, बापूकुटीत थोडा वेळ बसले. परतीच्या ट्रेनमधे दमून झोप लागली.

रविवार

आजचा दिवस इतवारीचा. मेट्रोनं चितार ओळ चौकापर्यंत आणि पुढे पायी. चितार ओळीत मूर्तिकारांची दुकानं, पुढे गांधीबागेत कापडाचा होलसेल बाजार, आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत जुन्या कपड्यांचे गठ्ठे घेऊन बसणारे. बोहारणींकडून जे येतं ते इथे वेगवेगळं होतं, धडके कपडे एका बाजूला, फाटके सुती कपडे पुसणी म्हणून वर्कशॉपला विकायला दुसऱ्या बाजूला. गोधड्या या दुसऱ्या ढिगात जातात, किलोवर. वाईट वाटतं पण ओरडून उपयोग नाही, त्यांचं पोट त्याच्यावर आहे.

एका दुकानदारानं मी गोधड्या बघतेय म्हटल्यावर आतून एक मोठी काढली, "मॅडम, शंभर वर्षांच्या वर आहे, भोसल्यांच्या वाड्यातली." गोधडी सुंदर होती यात शंका नाही. वर लाल आणि निळसर हिरव्या लुगड्यांच्या पट्ट्या, टाके इतके बारीक आणि सरळ की लांबून विणल्यासारखं वाटावं. मी अर्धा तास तिथेच स्टुलावर बसून बघितली.

जुनं कापड बघताना मी एकच नियम धरते, गोधडीतलं सगळ्यात नवं कापड ज्या वर्षाचं त्याच्या आधीची ती गोधडी असू शकत नाही, बाकी कापड कितीही जुनं असो. म्हणून सगळ्यात जुनं कापड शोधायचं नाही, सगळ्यात नवं शोधायचं. दोराही बघायचा, पॉलिएस्टरचा दोरा असेल तर शिवण अलीकडची. सुटलेला एखादा धागा मिळाला तर मालकाला विचारून बाहेर नेऊन जाळून बघायचा, सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते, पॉलिएस्टर, नायलॉन वितळून कडक गोळी होते. गोधडीतून धागा ओढून काढायचा नाही, फक्त सुटलेलाच.

इथे दोरा सुती होता, वरचं कापडही सुती. पण एका कडेला अस्तराची शिवण उसवली होती, आत डोकावले तर पांढऱ्या मिलच्या कापडाचा तुकडा आणि त्याच्यावर निळ्या शाईचा शिक्का, अर्धा पुसलेला. मिलचं नाव गेलेलं. पण भाव वाचता येत होता, मीटरला अमुक रुपये आणि पुढे "न. पै.".

मला एवढा आनंद झाला की दुकानदाराला वाटलं काहीतरी सोनंबिनं सापडलं. न. पै. म्हणजे नये पैसे. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, त्याच्या आधी आणे आणि पै, आणि नव्या पैशाला आधीच्या पैशापासून वेगळं ओळखता यावं म्हणून नाव दिलं नया पैसा, ते १ जून १९६४ला काढून नुसता पैसा केलं. म्हणजे हा शिक्का मधल्या सात वर्षांतला. वारावर किंवा यार्डावर नाही तर मीटरवर भाव आहे हेही त्याच काळाशी जुळतं. कापडावर भाव छापायची सक्ती ही त्याच्याही आधीची, दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, भाव भडकले, तेव्हा १९४३ला सरकारनं कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला आणि मिलच्या कापडावर किंमत छापली जायला लागली. त्या काळात शिवलेल्या गोधड्यांत ठिगळावर ठिगळ दिसतं, कारण जुनं कापडसुद्धा सहजी सोडवत नव्हतं लोकांना.

मी दुकानदाराला शिक्का दाखवून समजावलं. वाड्यातली असेलही, पण १९५७च्या आधीची नक्की नाही. तो थोडा हिरमुसला, मग स्वतःच टॉर्च लावून बघायला लागला आणि शिक्क्याचे फोटो काढून घेतले. बाराशे रुपयांना घेतली मी. मला ती भोसल्यांची म्हणून नकोच होती, वर्ष सांगणाऱ्या शिक्क्याची गोधडी मला याच्या आधी कधी मिळाली नव्हती आणि माझ्या मते साठ-पासष्ट वर्षांची, पुरावा असलेली गोधडी ही शंभर वर्षांच्या नुसत्या ऐकीव गोधडीपेक्षा मोलाची आहे. कुठून आली ते विचारलं तर एवढंच कळलं की उमरेडकडच्या एका घरातला गठ्ठा होता. तेही लिहून घेतलं. उमरेड म्हणजे एके काळी रेशीमकाठी धोतरांचं गाव, तिथल्या कोष्ट्यांचं काम नावाजलेलं.

संध्याकाळी एम्प्रेस मिलच्या जागेवर गेले. आता तिथे मॉल आहे. मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ला, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर निवडलं कारण कापूस इथला, रेल्वे १८६७ला इथपर्यंत आलेली, आणि जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळची पाणथळ. भराव घालायला पैसे मागितले तर एका सावकारानं हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणून नकार दिला आणि नंतर त्यानंच कबूल केलं की यानं माती घातली आणि सोनं काढलं, ही गोष्ट नागपुरात अजून सांगतात. या मिलमधे १८८६ला कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला होता, त्या काळाच्या मानानं केवढी मोठी गोष्ट. रिंग स्पिंडल, म्हणजे सूत कातायच्या नव्या तऱ्हेच्या चात्या, आपल्या देशात पहिल्यांदा चालवून दाखवण्यात हीच मिल पुढे होती. जितकं सूत स्वस्त झालं तितकी हातमागाची लुगडी मागे पडली हे खरं, पण गरिबाच्या घरात अंगावर घेण्याइतकं कापड साठायला लागलं तेही त्याच्यामुळेच. गोधड्यांमधे मिलचं मांजरपाट एवढं का सापडतं याचं उत्तर या जागेवर उभं राहिलं की आपोआप मिळतं.

सोमवार

परत आजींकडे. आज त्यांचे दीर आले होते, मिलमधे घडी खात्यात काम केलेले. मोबाइलवर शिक्क्याचा फोटो झूम करून दाखवला तर चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा ताग्याच्या टोकाचा तुकडा हाये. शिक्का टोकालेच मारे." दुकानदार शिक्क्याचं टोक कापून वेगळं करायचे, गिऱ्हाईक स्वस्तात मागून न्यायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे शिवणारीनं पैसे वाचवायला घेतलेला तुकडा अस्तराच्या आत, दिसणार नाही असा घातला, आणि त्याच्यामुळेच आज वर्ष कळलं.

आजींनी मला त्यांची गोधडी घेऊन जा म्हणून सांगितलं, पैसे न घेता. मी नाही घेतली. नातू तिच्यावर झोपतो, तिचं काम अजून संपलेलं नाही, आणि अशी वस्तू कपाटात नेऊन ठेवायचा मला काही अधिकार नाही असं मला मनापासून वाटतं. जमवणाऱ्या लोकांमधे याच्यावर वाद होतात, काहीजण म्हणतात वापरात राहिली तर दहा वर्षांत जाईल. जाईलही. पण आजींना तो कोपरा थंडी वाढायच्या आत शिवून हवा होता, तो उघडाच ठेवा म्हणायचं कसं?

म्हणून आधी नीट काम करून घेतलं. प्रत्येक थराचा फोटो, बाजूला मोजपट्टी ठेवून. कुठला थर कुणाचा, हे आजींच्या तोंडून मोबाइलवर रेकॉर्ड केलं, त्यांच्या सासूबाईंचं नाव, माहेर, चंद्रकळा कुठल्या घरात विणली असेल याबद्दल त्यांना आठवलं तेवढं सगळं. चंद्रकळेचे आपोआप गळलेले दोन-चार धागे कागदाच्या पुडीत घेतले. मग सुनेनं नातवाचा शाळेचा आखूड झालेला निळा शर्ट आणला, आजींनी त्याची पाठ कापली आणि आम्ही तिघी बसून कोपरा बंद केला. आजींचे डोळे आता दोरा ओवायला साथ देत नाहीत, दोरा मी ओवत होते आणि टाके त्या घालत होत्या, भाताएवढेच. शर्ट टेरिकॉटचा आहे. माझ्याच नियमानं बघितलं तर या गोधडीचं वर्ष आता हेच.

आत्या सगळा वेळ गप्प बसून बघत होती. घरी आल्यावर तिनं पलंगाखालची ट्रंक ओढली आणि आजीची, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईची, एक चौघडी, म्हणजे चार थरांची गोधडी, काढून दिली, मला माहीतच नव्हती अशी काही आहे ते. भांडेवालीला द्यायची राहून गेली होती म्हणे. वर ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास एवढा की डोळे चुरचुरले. डांबरगोळ्या लोकरीच्या किड्याला, सुती गोधडीला खरा त्रास कसरीचा आणि दमटपणाचा, त्यापेक्षा सावलीत वारा देऊन, धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवलेली बरी. घडी घालायची तर दर काही महिन्यांनी वेगळ्या जागी घालायची, नाहीतर घडीवरच फाटते. धुवायची घाई अजिबात नको, आधी ओल्या पांढऱ्या कापसाचा बोळा कोपऱ्यावर दाबून बघायचा, रंग लागला तर पाण्याला हात लावू नये.

संध्याकाळच्या गाडीला दोन्ही गुंडाळ्या वरच्या बर्थवर माझ्या बाजूला ठेवल्या. शिक्क्याच्या गोधडीला चिठ्ठी तिथेच शिवली, सुती पट्टीवर मार्करनं लिहून. इतवारी, नागपूर. उमरेडकडचा गठ्ठा. १९५७च्या आधीची नाही. शिवणारीचं नाव नाही मिळालं. आत्याच्या चौघडीला मात्र नाव, गाव, आडनाव सगळं लिहिलं, आणि कुठल्या बाळंतपणाला शिवली ते आत्याला फोन करून विचारायचं आहे, वडिलांच्या की तिच्या स्वतःच्या.